वीस मीटरवरचा वाघ, वीस मीटरवरचा नीलपंख

वन्यजीव छायाचित्रणात सगळा खेळ अंतराचाच असतो, आणि तो समजून घ्यायला वर्धा जिल्ह्यातलं वडनेर ही फार सोयीची जागा आहे.

हिंगणघाट मागे टाकून नागपूर-हैदराबाद महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की वडनेर लागतं. हा राष्ट्रीय महामार्ग ४४. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीनचं रान. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. वडकी, करंजी करत रस्ता पांढरकवड्याला पोचतो आणि तिथून टिपेश्वर अभयारण्य जवळ. वडनेरच्या आग्नेयेला चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा आहे, उत्तरेला सेलू तालुक्यातलं बोर. वडनेर स्वतः जंगलातलं गाव नाही. ते जंगलांच्या मधल्या वाटेवरचं गाव आहे.

सकाळच्या सफारीसाठी नागपूरहून टिपेश्वरला निघालेल्या गाड्या वडनेरवरून अंधारातच जातात. मागच्या सीटवर काळी पिशवी असते आणि गाडीत एक वाद हमखास चाललेला असतो: चारशेची लेन्स पुरते की सहाशेचीच हवी? शंभर-चारशे घ्यावी की दोनशे-सहाशे? पहिल्यांदा टेली झूम घेणाऱ्याच्या डोक्यात हा मोठा आकडाच घोळत असतो. प्रत्यक्षात निवड ठरते ती चार गोष्टींवर: प्राणी किती मोठा, किती लांब, उजेड किती, आणि ते वजन किती वेळ पेलवणार. या चारही गोष्टी वडनेरच्या शिवारातच पडताळून पाहता येतात.

तारेवरचा पक्षी

दिवाळीच्या आगेमागे या भागात कापसाची वेचणी सुरू असते. शेताच्या धुऱ्यावर, विजेच्या तारेवर, तुरीच्या शेंड्यावर पक्षी बसलेले दिसतात: नीलपंख, खाटीक, कोतवाल, वेडा राघू. एका जागी पंख फडफडवत हवेत थबकणारी कापशी घार दिसते. वर्ध्यात बहार नेचर फाउंडेशनने शहरपक्ष्याची निवडणूक घेतली तेव्हा नागरिकांनी नीलपंखाला निवडून दिलं, इतका तो इथला ओळखीचा आहे. पहाटे आणि संध्याकाळी शेतात रोही म्हणजे नीलगायी उतरतात, रानडुकरांचे कळप फिरतात. त्यांना हाकलण्यासाठी शेतकरी रात्र रात्र जागलीला जातात.

वाघही ही शेतं टाळून जात नाहीत. टिपेश्वरमध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ जून २०१९मध्ये तिथून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटरहून जास्त चालून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्यामुळे ‘जंगलात लेन्स काढू, वाटेत काय आहे’ असं म्हणणारा माणूस निम्मं वन्यजीवन पिशवीत बंद ठेवून जातो. मात्र शेतात वाघ असल्याची कुणकुण लागली तर कॅमेरा घेऊन बांधावर धावायचं नसतं. वनविभागाला कळवायचं आणि गाडीतच बसायचं. पायी माणसांची गर्दी जमली की बिथरलेला वाघ आणि गावकरी दोघांच्याही जिवावर बेततं.

वीस मीटरचं गणित

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२मध्ये पर्यटनाचे नियम घालून दिले. पर्यटकांची गाडी प्राण्यापासून निदान २० मीटर दूर हवी, दोन गाड्यांत ५० मीटर अंतर हवं, आणि एका जागी पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. लेन्स निवडायची तर हिशेब या २० मीटरपासून सुरू करावा.

फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं आणि अंतराने गुणायचं, की त्या अंतरावर किती रुंद दृश्य चौकटीत मावेल ते कळतं. २० मीटरवर ४०० मिलिमीटरची लेन्स १.८ मीटर रुंद दृश्य टिपते. आडवा उभा असलेला मोठा नर वाघ, शेपटी सोडून, त्यात जेमतेम बसतो. ६००ला हीच रुंदी १.२ मीटर होते, म्हणजे मान, खांदे आणि चेहरा. २००ला ती ३.६ मीटर असते. वाघ, त्याच्या मागचा सागाचा बुंधा आणि पुढची वाट असं सगळं एका चौकटीत येतं. नियम पाळणाऱ्या गाडीतून वाघासाठी सहाशेची गरज अनेकदा पडतच नाही, ही गोष्ट पहिल्या सफारीला निघालेल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

आता त्याच २० मीटरवर तारेवर नीलपंख बसलाय असं समजू. हा पक्षी साधारण ३० सेंटिमीटर लांबीचा. ४००च्या चौकटीत तो रुंदीचा सहावा हिस्सा व्यापतो आणि ६००च्या चौकटीत चौथा. वेडा राघू तर त्याहून लहान आणि सडपातळ. वाघासाठी पुरून उरणारी लेन्स पाखरासाठी तोकडी पडते ती अशी. पक्षी हाच ज्यांचा मुख्य विषय, त्यांनी ६००च्या खाली समाधान मानू नये, हा सल्ला या गणितातून आला आहे.

ज्यांच्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आहे, त्यांच्या बाजूने हे गणित झुकतं. हा सेन्सर लहान असल्यामुळे निकॉन, सोनी, फुजीवर चौकट दीडपटीने आणि कॅननवर १.६ पटीने आवळली जाते. अशा बॉडीवर ४००ची लेन्स फुलफ्रेमवरच्या ६००इतकी जवळ आणते. लेन्स तीच राहते, तिच्या दृश्यातला फक्त मधला भाग सेन्सरवर पडतो. फुलफ्रेमवाल्यांनाही ही सोय असते: ४५ मेगापिक्सेलचा फोटो दीडपट कापला तरी सुमारे २० मेगापिक्सेल उरतात, आणि मासिकाच्या पूर्ण पानावर छापायला तेवढे पुरतात. म्हणून नवी लेन्स घेण्याआधी आपल्या बॉडीचा सेन्सर कोणता ते पाहावं. अनेकांची निवड तिथेच बदलते.

साडेसहाचा उजेड

हिवाळ्यातली सफारी सूर्य वर येण्याच्या सुमारास सुरू होते. टिपेश्वर काय, ताडोबा काय, दोन्ही सागाची पानझडी जंगलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानोळा दाट असतो, गवत माणसाच्या कमरेला लागतं आणि पहिला तासभर जमिनीवर उजेड फारसा पोचतच नाही. नेमका हाच वेळ वाघ-बिबट्याच्या हालचालीचा. इथे मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा एफचा आकडा, म्हणजे ॲपर्चर किती उघडतं ते, महत्त्वाचा ठरतो.

एफ ५.६ वरून एफ ८ वर गेलं की आत येणारा उजेड निम्मा होतो; या फरकाला एक स्टॉप म्हणतात. एफ ५.६ला १/५०० सेकंदाचा शटर स्पीड मिळत असेल, तर त्याच आयएसओवर एफ ८ला १/२५० मिळेल. चालत्या वाघाला एवढा स्पीड काठावर पुरतो. झेपावणाऱ्या शिकारी पक्ष्याला अजिबात नाही. मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे उतरतात. ५.६ आणि ६.३ यांतला फरक मात्र एक-तृतीयांश स्टॉपचाच आहे, त्यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. ६.३ आणि ८ यांतल्या फरकाचा विचार करावा.

मग सगळेच मोठ्या ॲपर्चरची लेन्स का घेत नाहीत? उत्तर भागाकारात आहे. लेन्सच्या मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागलं की उजेड आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास निघतो. ६०० एफ ४ला १५० मिलिमीटर व्यासाचं तोंड लागतं, ६०० एफ ६.३ला सुमारे ९५. म्हणूनच सिग्माच्या कंटेम्पररी आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्सना किंवा सोनीच्या २००-६००ला ९५ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. दीडशे मिलिमीटरची काच घासून बसवायची तर किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. टॅमरॉनने २०१३च्या अखेरीस १५०-६०० जाहीर केली, २०१४मध्ये सिग्मा आली, २०१५मध्ये निकॉनची २००-५०० एफ ५.६, आणि सहाशेच्या आसपासची पोच पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. आज विदर्भातल्या जिप्सींमध्ये जे मोठे झूम दिसतात, त्यांची सुरुवात त्या दोन वर्षांत झाली.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन छायाचित्रकाराच्या हाताची थरथर भरून काढतं; प्राण्याची हालचाल थांबवण्याची ताकद त्यात नाही. चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन असलेल्या लेन्सने १/६० सेकंदाला बसलेला वाघ रेखीव येईल, पण त्याने मान वळवली की चेहरा पुसट होईल. ती हालचाल गोठवायला शटर स्पीडच हवा.

टेलीकन्व्हर्टरचंही असंच आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, दोन पटीचा दोन स्टॉप. एफ ६.३ची लेन्स १.४ कन्व्हर्टर लावून एफ ९ होते आणि सागवनातल्या सकाळी फोकस शोधताना चाचपडू लागते. मोकळ्या शिवारात, भर उन्हात त्याचा उपयोग होतो. सफारीसाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

जिप्सीतली जागा आणि खांद्यावरचं ओझं

जिप्सीत मागे सहा जण, पुढे चालक आणि गाइड. प्राण्यांचा इशाऱ्याचा कॉल ऐकू आला की सगळे उभे राहतात. वाघ डावीकडून निघतो, रस्ता ओलांडतो, उजवीकडच्या बांबूत शिरतो; कित्येकदा सगळा प्रकार मिनिटभरात उरकतो. ट्रायपॉडला इथे जागा नाही आणि मोनोपॉड दुसऱ्याच्या पायात येतो. सगळ्यात चांगला चालतो तो बीनबॅग: जिप्सीच्या दांड्यावर ठेवायची कापडी पिशवी, त्यावर लेन्स. प्रवासाला रिकामी पिशवी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ, गहू किंवा तूर भरून घ्यावी. परतताना धान्य तिथेच देऊन यावं. विदर्भात धान्य प्रत्येक गावात मिळतं. आणखी एक गोष्ट फुकट मिळते: चालकाला इंजीन बंद करायला सांगणं. चालू इंजिनाची कंपनं लेन्समध्ये उतरतात.

वजनाचे आकडे बोलके आहेत. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० दोन किलोंच्या थोड्या वर, निकॉनची जुनी २००-५०० सव्वादोन किलोंच्याही पुढे, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोनच्या किंचित खाली. सोनी आणि निकॉन झेडच्या १००-४०० आणि कॅननची आरएफ १००-५०० सुमारे १.४ किलोच्या. कॅननची आरएफ १००-४०० एफ ५.६-८ अवघी ६३५ ग्रॅम, आणि एपीएस-सीसाठीची सोनी ७०-३५० त्याच घरातली. दोन किलोंची लेन्स, वर बॉडी, असं ओझं डोळ्याला लावून दहा मिनिटं उभं राहिलं की दंड भरून येतात आणि फोटो हलतात. दुकानात एक मिनिट हातात धरून हे कळत नाही.

खालच्या टोकाचा आकडाही तितकाच मोलाचा आहे. रस्त्याने सरळ जिप्सीकडे चालत येणारा वाघ दहा मीटरवर आला, की ६००च्या चौकटीत ६० सेंटिमीटर मावतात, म्हणजे नुसतं तोंड. २००पासून सुरू होणाऱ्या झूमला मागे सरायला थोडीच जागा असते. १००पासून सुरू होणारी लेन्स त्या क्षणी अख्खा प्राणी आणि त्याचं जंगल टिपते. रानगवा समोर आला की हा फरक लगेच जाणवतो. प्रवासात तर शंभरचं टोक जास्त कामी येतं: वेचणीला निघालेल्या बायकांची रांग, कापसाने भरलेली बैलगाडी, बोर धरणाच्या काठावरची चितळं.

ज्यांना फोटोचा ध्यास नाही पण आठवण हवी आहे, त्यांनीही छोटा झूम जवळ ठेवावा. ताडोब्याच्या कोअरमध्ये डिसेंबर २०१८पासून पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी आहे. तिथे साधी ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स असलेला हलका कॅमेरा पुरेसा ठरतो. कॅननची ५५-२५० एसटीएम तर ३७५ ग्रॅमचीच आहे.

धूळ, झळा आणि पावसाळा

विदर्भातलं हवामान लेन्सची परीक्षा घेतं. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर पुढची गाडी गेली की धुळीचा लोट मागच्या गाडीवर बसतो. झूम करताना नळी लांब होणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळही. सोनी २००-६०० किंवा निकॉन १८०-६०० यांची लांबी झूम करताना बदलत नाही; धुळीच्या रस्त्यांवर आणि तोल सांभाळायलाही ते सोयीचं. त्या मोबदल्यात त्या पिशवीत फूटभर जागा अडवतात. १००-४०० मिटली की लहान होते आणि साध्या पाठपिशवीत मावते. लेन्स कोणतीही असो, जंगलात ती बॉडीवरून काढू नये आणि गाडी चालू असताना तिच्यावर ओलं सुती फडकं टाकावं.

एप्रिल-मेमध्ये पानगळ झालेली असते, उजेड भरपूर असतो, आणि प्राणी पाणवठ्यावर येतात म्हणून लांबूनही दिसतात. मोठ्या लेन्सचा हंगाम खरं तर हा. पण पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि शंभर मीटरवरचा वाघ सहाशेच्या महागड्या लेन्समधूनही धुरकट येतो. दोष लेन्सचा नसतो. मधल्या हवेचा असतो. यावर इलाज एकच: ऊन चढण्याआधी फोटो काढणं आणि लांबच्या फोटोचा हट्ट सोडणं.

पावसाळ्यात ताडोब्याचं कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि लेन्स कपाटात जाते. दमट हवेत, चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढी व्यवस्था पुरते. लेन्स महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरावी.

गोठणगावची गर्दी

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर होती आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्हीकडून कोंडलं. चित्रफीत सगळीकडे फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर निलंबनाची कारवाई झाली.

कारवाई गाइड-चालकांवर होते, पण ‘अजून पुढे घ्या’ हा आग्रह मागच्या बाकांवरून येतो. गाइडची बक्षिसी पर्यटकाच्या खुशीवर असते. तो नाही म्हणू शकत नाही. इथे लेन्सची निवड ही नुसती खरेदी राहत नाही. २० मीटरवरून आपल्याला हवा तो फोटो मिळेल अशी लेन्स हाती असली की गाडी पुढे रेटायचं कारणच उरत नाही. उलट हातातली लेन्स अपुरी असेल आणि फोटो मात्र चेहऱ्याचाच हवा असेल, तर तो हट्ट वाघिणीच्या वाटेवर जाऊन पडतो. बछडे आईपासून तुटतात, रस्ता ओलांडायचा राहून जातो, शिकार सुटते.

घरट्यांच्या बाबतीत तर कोणतीच लेन्स पुरेशी मानू नये. पक्षी घरट्यावर असताना त्याला उठवून काढलेला फोटो कितीही रेखीव असो, वापरू नये. वाघाचा फोटो समाजमाध्यमावर टाकताना नेमकी जागा लिहू नये आणि फाइलमधली स्थळाची नोंद काढून टाकावी.

मग घ्यायची कोणती?

वर्षातून दोन-तीन सहली, त्यात एखादी सफारी, बाकी कुटुंब आणि गावं, असा बहुतेक मराठी प्रवाशांचा बेत असतो. त्यांच्यासाठी १००-४०० किंवा १००-५०० हीच खरी लेन्स. एपीएस-सी बॉडी असेल तर ७०-३५० किंवा हलकी १००-४०० घ्यावी आणि उरलेल्या पैशांत आणखी एक सफारी करावी. पक्षी हा ध्यास असेल, धरणांच्या काठावर आणि शिवारात तासन् तास बसायची तयारी असेल, तर २००-६०० किंवा १८०-६०० घ्यावी. सोबत लहान झूम लावलेली दुसरी बॉडी असली तर उत्तम. बजेट आखडतं असेल तर सिग्माची १५०-६०० किंवा डीएसएलआरसाठीची निकॉन २००-५०० वापरलेली मिळते. मिररलेसकडे वळणारे लोक जुन्या लेन्स विकत आहेत आणि त्यांतल्या काचा आजही तितक्याच चांगल्या आहेत. वापरलेली लेन्स घेताना टॉर्चच्या उजेडात आतली बुरशी पाहावी, झूमची कडी पूर्ण फिरवून पाहावी, उघड्या ॲपर्चरला दोन्ही टोकांवर फोटो काढून कडा तपासाव्यात आणि मूळ बिल मागावं.

एफ ७.१ किंवा ८पर्यंत जाणाऱ्या हलक्या झूमना नाकं मुरडायची गरज नाही. आजच्या मिररलेस बॉडी प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात आणि ६४०० आयएसओवर वापरण्याजोगा फोटो देतात. पहाटेचा पहिला अर्धा तास सोडला तर अशा लेन्स बहुतेक काम करतात. पहाटच महत्त्वाची असेल, तर एफ ५.६-६.३च्या पुढे जाऊ नये.

विकत घेण्याआधी मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने मिळते, ती दोन दिवसांसाठी घ्यावी. पहिल्या दिवशी जंगलात न जाता वडनेरसारख्या गावाच्या शिवारात फिरावं: तारेवरचा पक्षी, उडती कापशी, लांबवरचा रोही. हात दुखतो का, फोकस वेळेवर बसतो का, कुठलं टोक जास्त वापरलं जातं, हे एका सकाळीत कळतं. काढलेल्या फोटोंच्या नोंदीत प्रत्येक फोटोचे मिलिमीटर लिहिलेले असतात, ते पाहून मगच पैसे मोजावेत.

ताडोब्याचं कोअर १ ऑक्टोबरला उघडतं आणि हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत जंगलात जाणार असाल, तर लेन्स कोणतीही असो, गेटमधून आत शिरतानाच चालकाला सांगून ठेवा: वाघ दिसला तरी वीस मीटरच्या आत गाडी न्यायची नाही, आम्हाला इथूनच फोटो हवा आहे.